उलट्याचं उलट

लडलोमध्ये, बंद पडलेल्या खाटिकाच्या दुकानामागे
प्रॉसरची शेड आहे.
आत शिरण्याआधीच वास येतो, जळक्या रबराचा,
लेथवर एबोनाइट फिरत असलं की येतो तो.
काळ्या सालपटांचा ढीग बुटांपाशी.
केळाचे वेफर्स करपल्यासारखा.

"कुणासाठी?" त्याने विचारलं, चष्मा कपाळावर.
आत्यासाठी, म्हटलं.
मग इंग्रजीत आत्या, मावशी, काकू, मामी
सगळ्या एकाच शब्दात राहतात हे आठवून
"वडिलांची बहीण" असं फोड करून सांगितलं.
त्याने वहीत एवढंच लिहिलं: बाई, वय ७३.

"अलगद लिहिते की जोर देऊन?"
जोर देऊन.
चौतीस वर्षं मोजणी खात्यात, इस्लामपूरला,
कागदाखाली कायम दोन कार्बन.
तिसऱ्या प्रतीवरसुद्धा बांध दिसला पाहिजे, म्हणायची,
नाहीतर भाऊ भावाच्या डोक्यात कुदळ घालतो.

"आणि हात कुठला?"

डावा.

हे मी जरा हळू सांगितलं,
जणू चौथीतल्या त्या फडक्याची गाठ
अजून कुणी तपासायला येणार होतं.
आजोबा रोज सकाळी बांधायचे, संध्याकाळी सोडायचे.
मारलं नाही कधी. तेवढं म्हणायला हवं.
पुढे मॅट्रिक उजव्या हाताने झाली, सेकंड क्लासात,
आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी
मस्टरवर सही केली ती डाव्याने.
कुणाचं लक्षही गेलं नाही.
त्याचंच तिला वाईट वाटलं, म्हणे.

प्रॉसरने पॅड पुढे सरकवलं. तुमच्या लिपीत लिहा काही.
'श्री' लिहिणार होते, हात वळला भलतीकडेच:
गट नंबर ११२, पूर्वेस ओढा.
त्याने कागद उजेडात धरला.
"आमची अक्षरं रेघेवर बसतात," म्हणाला,
"तुमची लोंबकळतात."
दोरीवरचे कपडे, मी म्हटलं. तो हसला,
दात निबेसारखे, मधोमध फट.

मग बोरूचं सांगितलं.
त्याचं टोक तिरकं तासतात, पण तुमच्यासारखं नाही,
दुसऱ्या बाजूने. बोट वाकडं करून दाखवलं.
"म्हणजे आमच्या उलट.
आणि बाई डावखुरी, म्हणजे त्याच्याही उलट."
तो थांबला.
"म्हणजे सरळच की."
तरीही चाळीस मिनिटं घासत बसला निब,
मध्ये मध्ये भिंगातून बघत,
देवाच्या टाकाला डोळे काढणाऱ्या सोनारासारखा.

दोनशे दहा पौंड.
मी गुणाकार केला नाही.
केला, पण दाराबाहेर येऊन.
आत्याला सांगेन, सेल होता.
ती म्हणेल, सेलमध्ये तर मेले काहीही खपवतात,
आणि टोपण तीन वेळा उघडून बंद करून बघेल.

एकच अट घातली त्याने:
तुम्ही याने लिहू नका.
निब पहिल्या महिन्यात हात शिकते,
मग दुसऱ्याकडे गेली की अडते.
मी मान डोलावली. पेन पिशवीत, पिशवी मांडीवर,
हेरेफर्डची गाडी चोवीस मिनिटं उशिरा.

बाकावर दुसरं कुणी नव्हतं.
शाई त्याने भरूनच दिली होती, चाचणीपुरती.
मी डावा हात पुढे केला.

तो कधी काही लिहायला शिकलेलाच नाही, मनाशी म्हटलं,
त्याच्याकडून निब काय शिकणार.
तिकिटाच्या मागे, जीभ दातांत धरून,
तिचं नाव काढलं: वेणू.
व वाकला, मात्रा कलंडली, ण चे पाय फाकले,
पहिलीतल्या पोराचं असतं तसं अक्षर.
पण शाई कुठे तुटली नाही,
आणि वरची रेघ मी शेवटी ओढली,
उजवीकडून डावीकडे,
ती ओढते तशी.